जॅक कुठवर टाकायचा

भल्या सकाळी पाणी प्यालेल्या गवताला इथे आखातात एक वेगळाच वास येतो. त्यात आपल्याकडच्या मातीचा गंध नसतो, कारण तशी माती इथे नाहीच; वाळू, वाळूखाली चुनखडी, आणि वरून घातलेलं पाणी म्हणजे शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी. तरीही हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी, सूर्य अजून खजुरीच्या झावळ्यांमागे रेंगाळत असताना, झल्लाकच्या किनाऱ्यावरून निघालेला खारा वारा त्या गवतावरून वाहत आला, की काहीतरी हिरवं, थंड आणि किंचित आंबूस नाकात भरून राहतं. पूर्वी या वासाने मला उत्साह यायचा. आता सकीनाआपांच्या आठवणीने जीव कासावीस होतो.

ही हिरवळ सखीरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जुन्या क्लबच्या मागच्या अंगाला आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कामगारांनी सपाटीकरण अर्धवट सोडून दिलं आहे. चौकोनी मैदान, चहूबाजूंनी उथळ चर, आणि मधोमध जमीन हळुवार वर आलेली, ओट्यावर उपडी घातलेल्या परातीसारखी. ती चूक नव्हती. खेळच तसा होता. क्राउन ग्रीन बोल्स हे त्याचं नाव. लँकेशायरहून नोकरीसाठी आलेल्या डेरेक नावाच्या एका इंग्रज इंजिनीयरने आपल्या गावी असते तशी हिरवळ या वाळवंटात हट्टाने घडवून घेतली होती. घरच्या ओढीने आपली माणसं परदेशात मंडळं काढतात, गणपती बसवतात, कुठून कुठून अळूची पानं पैदा करतात; या गृहस्थाने जमिनीला एक उंचवटा दिला. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

डेरेक परत जाण्याआधी आम्हा चार-दोन जणींना खेळाचे नियम शिकवून गेला. मी पडले हिशेबतपासनीस. बँकेच्या कागदांवर डोळे घालवायचे हा माझा धंदा, त्यामुळे कुठेही नियम दिसले की मला घरच्यासारखं वाटतं. आणि हे नियम तसे साधेच होते. प्रत्येकाजवळ दोन गोळे. आधी एक लहान गोळा दूर घरंगळत सोडायचा, तो जॅक. मग दोघांनी आळीपाळीने आपले गोळे त्या जॅकच्या जवळात जवळ न्यायचे. ज्याचा सर्वांत जवळ, त्याला एक गुण. त्याचाच दुसराही समोरच्यापेक्षा जवळ असेल तर दोन. चरात पडला तो गोळा त्या फेरीपुरता मेला. गोळा सोडताना रबराच्या छोट्या थाळीवर पाय हवा, तिला फूटर म्हणतात. आधी एकवीस करेल त्याचा डाव.

साधे नियम म्हटलं खरं, पण या खेळात सरळ काही जातच नाही. गोळा एका अंगाला किंचित जड असतो. वेग ओसरू लागला की तो त्या अंगाकडे कलतो. जॅकसुद्धा तसाच एकांगी. त्यात भर म्हणून जमिनीचा मधला उंचवटा त्याला बाहेर लोटत असतो. गोळ्याचा एक स्वभाव, जमिनीचा दुसरा, आणि त्या दोघांच्या रस्सीखेचीतून जी वाट निघेल ती आपली. कराडच्या गल्लीत गोट्यांनी गोट्या फोडत वाढलेल्या माझ्यासारखीला हे पचायला फार वेळ लागला. मी एक डोळा मिटून नेम धरायची आणि गोळा मान वळवून थेट चरात. माझा नवरा शिरीष एकदाच बघायला आला, अर्धा तास खुर्चीत बसला आणि हा आजारी माणसांना विश्रांतीसाठी लावून दिलेला खेळ आहे असं म्हणून कॉफी प्यायला निघून गेला.

सकीनाआपांना मात्र हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं. त्यांचे यजमान मुश्ताकभाई यांचं तुबलीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. क्लबच्या गवत कापायच्या यंत्राला काही लागलं की तेच घेऊन यायचे, आणि आपा गाडीत बसून राहायच्या. एकदा डेरेकने त्यांना उन्हात बसलेलं पाहून आत बोलावलं आणि हातात गोळा दिला. पायघोळ काळा अबाया, पायात पांढरे स्पोर्ट शूज, वय साठीकडे झुकलेलं. त्यांनी गोळा दोन्ही हातांत फिरवून त्याची जड बाजू चाचपली, हिरवळीकडे एकदा पाहिलं आणि असा सोडला, की तो उंचवट्याच्या खांद्यावरून वळण घेत जॅकला जाऊन टेकला. त्यांच्या गावी, श्रीवर्धनला, अंगणात फणस ठेवला तरी तो विहिरीकडे निघतो, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. "माझा जलमच उतारावर गेलाय गो, मना सपाट काय ते ठावंच नाय."

त्या दिवसापासून शनिवारची सकाळ आमची झाली. त्या पहाटेची फजरची नमाज आटोपून यायच्या, मी चहा न घेता निघायची. त्या मला माधवी म्हणायच्या, रागावल्या की मॅडम. मी त्यांना आपा म्हणत असे. वयाने, अनुभवाने आणि खेळाने त्या मोठ्या होत्या आणि या तिन्ही गोष्टींची त्या मला वेळोवेळी जाणीव करून देत.

या खेळातला मला सर्वांत आवडलेला नियम असा, की जो फेरी जिंकतो त्याला पुढचा जॅक टाकायचा मान मिळतो, आणि तो जॅक कुठल्याही दिशेला टाकता येतो. अगदी पायाशी नाही, एक किमान अंतर ठरलेलं आहे. पण त्यापुढे कुठेही. आडवा, तिरपा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. फेरी संपली की गोळ्यांपर्यंत चालत जायचं, गुण ठरवायचे, आणि जॅक होता तिथेच फूटर ठेवून पुढची फेरी सुरू. म्हणजे खेळ जितका गोळ्यांचा, तितकाच चालण्याचा. जो जॅक टाकतो तोच ठरवतो, दोघांनी मिळून किती चालायचं ते.

आपांचा जॅक नेहमी आखूड. उंचवट्याच्या अलीकडे, जेमतेम नियमात बसेल एवढाच. आखूड फेरीत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे, हे एक कारण. गुडघे, हे दुसरं. दुसरं त्या कबूल करत नसत. मी मात्र जिंकले की लांबवर टाकायची, कारण लांबच्या फेरीत त्यांचा अंदाज हुकायचा, आणि मला जिंकायची संधी तेवढीच. त्या कुरकुरत चालायच्या. "मारतंस मना तू एक दिवस," म्हणायच्या.

पण त्या चालण्यातच आमचं सगळं बोलणं व्हायचं. इथली शेरी मासळी आणि तिकडची पापलेटं, यांत कशाचं कालवण सरस. तिरफळं संपली की आमटीचं काय करायचं. माझा मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो तेव्हा मी ओरडावं की गप्प बसावं. एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढं मावेल तेवढंच बोलणं, मग वाकून गोळे उचलायचे आणि पुढचा विषय. दुपारभर समोरासमोर बसून आम्ही इतक्या बोललो असतो असं मला वाटत नाही. शेजारी शेजारी चालताना माणूस मोकळा होतो. मी माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल फक्त त्यांच्याशी बोलले, तेही गवताकडे बघत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांचा एक शिष्टाचार आहे: कायमचं कधी जाणार, हे कोणी कोणाला विचारत नाही. पगार विचारतील, मुलांचे मार्क विचारतील, गावाकडच्या फ्लॅटचा भाव विचारतील, हे नाही. कारण त्याचं उत्तर आपल्या हातात नसतं. व्हिसा, कंपनी, तब्येत, तिकडची म्हातारी माणसं, यांतलं काहीही एका आठवड्यात सगळं ठरवून टाकतं. जाणारा आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचं, तोवर अळीमिळी गुपचिळी. नव्याने आलेला कोणी भाबडेपणाने विचारतो, तेव्हा क्षणभर सगळी खोली गप्प होते आणि मग कोणीतरी इंशाल्ला म्हणून विषय बदलतं.

खेळात नेमकं याच्या उलट. जॅक टाकणाऱ्याने त्याची जड बाजू अंगठ्याकडे धरली आहे की करंगळीकडे, म्हणजे जॅक कुठल्या अंगाने वळत जाणार, हे समोरच्याने विचारलं तर सांगावंच लागतं. लपवता येत नाही, खोटं बोलता येत नाही. आमचा तो मंत्रच झाला होता. मी विचारायची, "अंगठा की बोट?" आणि आपा जॅक सोडता सोडता मोठ्याने उत्तर द्यायच्या, इतक्या मोठ्याने की खजुरीवरची कबुतरं उडायची.

गेल्या वसंतात माझी गाडी तुबलीच्या गॅरेजमध्ये होती. उन्हं तापू लागली होती, खाडीवरून चिखलाचा आणि मिठाचा वास येत होता, रस्ताभर ऑइलचे डाग चकाकत होते. गाडीला वेळ होता म्हणून मी मुश्ताकभाईंच्या दुकानात डोकावायला निघाले, तर शटर अर्धं खाली आणि आत नुसते रिकामे रॅक. परत येऊन गॅरेजच्या मिस्त्रीला विचारलं. तो बॉनेटमधून डोकं न काढताच म्हणाला, "वो तो खलास करके जा रहे हैं मॅडम, फॅमिली के साथ. आपको नहीं मालूम?"

मला नव्हतं मालूम. त्या गरम टीनच्या छपराखाली मी गाडी विसरून उभी राहिले. जाणार हे एक दुःख होतं. मला सांगितलं नाही, हे त्याहून मोठं. इतक्या शनिवारांत, इतक्या चालण्यात, ही एक गोष्ट मावली नाही?

त्यानंतरच्या शनिवारी मी विचारलं नाही. शिष्टाचार आडवा आला, आणि खरं सांगायचं तर मानही. त्या सांगतील म्हणून वाट पाहिली. त्या नेहमीसारख्या आल्या, आखूड जॅक टाकून मला धूळ चारली आणि कालवणाबद्दल बोलत राहिल्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी त्यांचा आवाज, त्यांची चाल, बोलता बोलता अबायाच्या बाहीने गोळा पुसायची त्यांची लकब, सगळं असं बघत होते जणू कोणी ते माझ्या हातून ओढून घेणार आहे. आणि वरवर मासळीचे भाव. दोन शहाण्यासुरत्या बायका, एकमेकींचा जीव जपत, तोंडाला कुलूप लावून हिरवळीवर येरझाऱ्या घालत होत्या. विचारून टाकलं असतं तर त्या शनिवारांचं सोनं झालं असतं असं आता वाटतं.

मग मेच्या तोंडावरचा तो शनिवार. शमाल वारा सुटला होता, हवेत बारीक धूळ तरंगत होती आणि सूर्य दुधाळ दिसत होता. पहिली फेरी आपांनी जिंकली. मी आखूड जॅकच्या तयारीने दोन पावलं पुढे सरकले. त्यांनी जॅक उचलला, अंग वळवलं आणि तो थेट समोरच्या कोपऱ्याकडे सोडला. उंचवट्यावर चढून, पलीकडे उतरून, तो पार चराच्या काठाशी जाऊन थांबला. मला वाटलं, हात सुटला. फेरी मी जिंकले आणि सवयीने लांब टाकला. पुढची त्यांनी जिंकली, आणि पुन्हा कोपऱ्यातून कोपऱ्यात. पुन्हा तेच. त्या हातचे गुण घालवत होत्या, घामेजल्या होत्या, चालताना एक हात गुडघ्यावर टेकवत होत्या, तरी जॅक हातात आला की हिरवळीवरची सर्वांत दूरची जागा शोधत होत्या.

उंचवट्याच्या माथ्यावर पोचलो तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गुणांसाठी टाकतच नव्हत्या. त्या चालणं वाढवत होत्या.

सगळा शिष्टाचार बाजूला सारून मी विचारलं, "आपा, कधी निघणार?"

त्या थांबल्या नाहीत. "बेस्तरवारी. कोण बोललं तुला?"

"तुबलीत कळलं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्या उतार उतरू लागल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू खेळली असतीस? तोंड पाडून बसली असतीस. मना खेळायचं हुतं गो. यांना घरची याद येते, पोफळी बघायच्या हायत. माझी उमर तर हितंच गेली. मना कसली याद येणार तिथं, तर ही." आणि त्यांनी हात हलवून समोरचं सगळं दाखवलं: भुरकट आकाश, खुजं गवत, चराच्या काठावरची पाण्याची नळी, आणि मी.

मी गेली कित्येक वर्षं दर सुट्टीहून परतताना कराडसाठी रडले आहे. परतायचं आहे, परतायचं आहे, हा माझा जप. ज्या परतीसाठी मी झुरत होते ती त्यांच्या पदरात पडली होती, आणि त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची ओढ पायाखालच्या या परक्या गवताला लागली होती. मला त्यांचा हेवा वाटावा की कीव यावी, कळेना. मला एवढंच कळत होतं, की त्यांनी जाऊ नये.

आम्ही खेळत राहिलो. एकवीस व्हायला आपांना एक गुण हवा होता, मला चार, आणि एक फेरी मी जिंकले. जॅक माझ्या हातात आला. मी समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथवर टाकावा, मग पुन्हा परतीचा टाकावा, आणि हा डाव कधी संपूच नये, असं मला किती आतून वाटत होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते, श्वास लागला होता, आणि डाव्या पायावर भार पडू नये म्हणून एका बाजूला कलल्या होत्या.

मी जॅक आखूड टाकला. नियमात जेमतेम बसेल एवढाच, त्यांना आवडायचा तसा.

त्यांनी अंगठा की बोट विचारलं नाही. थांबलेल्या जॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसल्यासारखं करून म्हणाल्या, "संपवतंस काय गो?"

नियमाप्रमाणे पहिली पाळी माझी होती, मी गोळा सोडला. मग त्यांनी. आखूड फेरीत त्यांचा हात कोण धरणार? पहिलाच गोळा वळत वळत गेला आणि जॅकला टेकून उभा राहिला. मी दुसरा जोरात मारला, तो बाजूने निघून चरात गेला. एकवीस. गोळ्यांपर्यंतची ती मूठभर वाट इतक्या लवकर सरली, की सांगायचं होतं ते ओठांवर येईपर्यंत आम्ही हस्तांदोलन करत होतो. बाहेर मुश्ताकभाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. आपांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, सोडला, "यल्ला, चल," म्हणाल्या आणि मागे न बघता गेल्या.

त्या गेल्यापासून आमचं फोनवर बोलणं होतं. पोफळींना कीड लागली, सून येऊन गेली, बोंबील चांगले मिळाले, असं सगळं. क्लबमध्ये एक नवीन जोडपं खेळायला येतं, त्यांना मी नियम शिकवते. डेरेकसारखाच माझाही आवाज शिकवताना उगाच कडक होतो. हिरवळ सुकलेली नाही. शनिवारी जाते मी. पण तो आखूड जॅक माझ्या मनातून हलत नाही. मला त्यांचे गुडघे दिसले होते, आणि त्यांना मात्र वाटलं असेल की मला लवकर मोकळं व्हायचं होतं. हे शल्य घेऊन किती दिवस हिंडायचं?

म्हणून परवा विषय नसताना विषय काढून मी सांगून टाकलं. म्हटलं, "आपा, त्या दिवशी मी जॅक जवळ टाकला ना, ते तुमचे गुडघे दुखत होते म्हणून. मला लांबच टाकायचा होता. खूप लांब."

फोनमधून समुद्राची गाज ऐकू येत होती, किंवा नुसता वारा असेल.

"गुडघे माझे हुते ना गो," त्या म्हणाल्या.

पलीकडे घरातून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, एकदा, दोनदा. त्यांनी ओ दिली नाही, आणि फोनही ठेवला नाही.